वॉल्टर, तार काढलीस का?

आमच्या आणि बॅरक्लफ यांच्या घरांमध्ये कंबरेइतकी एक विटांची भिंत आहे. ती पडली, की समजायचं वॉल्टर बॅरक्लफ सुट्टीवरून परत आला. गाडीमागे कॅरव्हॅन जोडून, म्हणजे चाकांवरचं ते पांढरं घर ओढत, तो जाताना अगदी ऐटीत जायचा. येताना तेच घर उलटं घेत अंगणात घालायचं म्हटलं, की त्याचंही काही खरं नसायचं आणि माझ्या भिंतीचंही. पडलेल्या विटा दुसऱ्या दिवशी तो स्वतःच रचून द्यायचा आणि रचता रचता म्हणायचा, "वसुधा, ही भिंत तुमच्या बाजूला जरा झुकलेलीच होती बघ." चूक झाली म्हणायला यॉर्कशरच्या पुरुषाची जीभ वळत नाही. माझ्या नवऱ्याची जीभ साताऱ्याची असूनही वळत नाही, त्यामुळे मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही.

पण मला सांगायचंय ते वॉल्टरबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल. नोरीन.

नोरीन उंचीला माझ्या खांद्यापर्यंत, आणि मी काही फार उंच नाही. आयुष्यभर तिने इथल्या प्राथमिक शाळेसमोर उभं राहून पोरांना रस्ता ओलांडून दिला. अंगात घोट्यापर्यंत येणारा पिवळाधमक कोट, हातात तिच्याहून उंच काठी, काठीच्या टोकाला 'थांबा' लिहिलेली गोल पाटी. वरच्या खाणीतून दगड भरून येणारे ट्रक उताराला सुसाट सुटलेले असायचे. नोरीन काठी टेकवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, की ते फुसफुसत जागच्या जागी थांबायचे. एकदा एका नव्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती काठी घेऊन थेट त्याच्या खिडकीखाली गेली आणि म्हणाली, "घाई आहे का राजा? आईला फोन करून सांगू का, उशीर होईल म्हणून?" माझी दोन्ही पोरं तिच्याच काठीखालून शाळेत गेली. त्यांना ती पोलिसांपेक्षा मोठी वाटायची.

ही बाई घरी आली, की मात्र वॉल्टरची शिकाऊ कामगार व्हायची. निदान कॅरव्हॅनच्या बाबतीत तरी.

आमच्या भागात कॅरव्हॅनवाल्यांचं एक मंडळ आहे. ऑगस्टच्या शेवटच्या लांब सुट्टीत सगळे फाइली गावाच्या पुढे, समुद्रालगतच्या थॉर्नबेक नावाच्या शेतावर जमतात. पहिल्या दिवसाचा मोठा कार्यक्रम म्हणजे बघत बसणं. आधी पोचलेली मंडळी घडीच्या खुर्च्या बाहेर काढतात, चहाचे मग भरतात आणि नंतर येणारा आपली कॅरव्हॅन जागेवर कशी उलटी घेतो ते बघत बसतात. कुणी हसत नाही, कुणी सल्ला देत नाही. फक्त चहाचा घोट घेतात. तो घोट हसण्यापेक्षा वाईट लागतो, हे मी स्वतः सोसलेलं आहे. आम्हीही दोन उन्हाळे हा छंद केला होता. मग माझ्या नवऱ्याने कॅरव्हॅन विकली आणि रक्तदाब उतरवला.

त्या कार्यक्रमात नोरीनची जागा ठरलेली. वॉल्टर स्टिअरिंगवर, ती मागे चिखलात, बहुधा पावसात. हातांनी खुणा करायच्या. ये, ये, ये, डावीकडे, अरे माझ्या डावीकडे, थांब! वॉल्टरला आरशात ती दिसायची नाही, दिसली तर खूण कळायची नाही, कळली तर पटायची नाही. मग तो खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "अगं, मधे उभी राहू नकोस ना!" आणि कॅरव्हॅन कुंपणात जायची. झुडपाचा दोष नसला, तर दोष नोरीनचा.

जागेवर आल्यावरही कामं वाटलेली होती. गाडीपासून कॅरव्हॅन सोडवणं आणि तिच्या दिव्यांची तार गाडीतून उपटणं, हे वॉल्टरचं. कॅरव्हॅन हलू नये म्हणून चार कोपऱ्यांचे पाय दांडीने फिरवून खाली टेकवणं, पाणी आणणं, चहा टाकणं, हे नोरीनचं. वॉल्टर तार काढायला हटकून विसरायचा. एकदा तार तशीच ठेवून त्याने गाडी पुढे घेतली होती आणि कॅरव्हॅनच्या पोटातली निम्मी वायर बाहेर ओढून काढली होती. तेव्हापासून पायांची दांडी हातात घेतली, की नोरीन आधी ओरडून विचारायची, "वॉल्टर, तार काढलीस का?"

"काढली गं बाई, काढली!"

काढलेली नसायची. मग खाली वाकून हळूच काढायचा. अख्खं शेत हे ऐकायचं आणि चहाचा घोट घ्यायचं.

शेवटच्या दोन वर्षांत वॉल्टरची नजर अधू झाली. थॉर्नबेकपर्यंत गाडी नोरीनच चालवायची. सरळ रस्त्याला ती झकास चालवते. शेताच्या फाटकाच्या जरा अलीकडे दोघं जागा बदलायची, म्हणजे आत शिरताना स्टिअरिंगवर वॉल्टर दिसावा. सगळ्यांना हे ठाऊक होतं. कुणी एका शब्दाने बोललं नाही. या लोकांचा हा एक गुण मला फार आवडतो.

फेब्रुवारीत वॉल्टर गेला.

मार्चमध्ये तिचा मुलगा ॲड्रियन लीड्सहून आला, आणि त्याच्याबरोबर क्लाइव्ह ॲक्रॉइडही. हा क्लाइव्ह आमच्या मंडळाचा अध्यक्ष. एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हातात सँडविच घेऊन तो एका फटक्यात कॅरव्हॅन उलटी लावतो आणि उतरताना कुणाकडे बघत नाही, कारण सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्याला माहीत असतं. माणूस वाईट नाही. फक्त स्वतःवर त्याचं फार प्रेम आहे.

मी नेमकी तेव्हा नोरीनच्या स्वयंपाकघरात होते. तिने चहा ओतला, पार्किन कापलं. ओटच्या पिठाचा हा गुळमट केक ती चिकट करते, आणि तोंडात असताना कुणाला भांडता येऊ नये इतका चिकट करते. तरी विषय निघालाच.

"आई," ॲड्रियन म्हणाला, "कॅरव्हॅन क्लाइव्हकाकांना देऊन टाकू. त्यांच्या मुलीला हवीये. ओळखीतल्या घरात जाईल."

"आणि मी?"

"तू काय? तू थोडीच ती मागे घेणारेस? बाबांना जमत नव्हतं, तर तुला कुठून जमणार?"

"बाबांना जमायचं," क्लाइव्ह मोठेपणाने म्हणाला. "हळूहळू जमायचं."

कोपऱ्याची गोष्ट कुणी काढली नाही, पण ती टेबलावर होतीच. थॉर्नबेकला शेताच्या अगदी टोकाला बॅरक्लफांची वर्षानुवर्षांची जागा आहे. एका बाजूला काटेरी कुंपण, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या नळाचा खांब, आणि आत शिरायला काटकोनातलं वळण. जागा लावायला भयंकर आणि लावल्यावर स्वर्ग. बिछान्यातून न उठता खिडकीतून समुद्र दिसतो. क्लाइव्हचा त्या कोपऱ्यावर फार दिवसांपासून डोळा होता.

नोरीनने कपातला चमचा बाहेर काढला. "ॲड्रियन, ती गेली तर माझ्याकडे उरतं काय, सांग बघू. टीव्ही, आणि तुझा रविवारचा फोन. तोही तू बायकोने आठवण केल्यावर करतोस."

ॲड्रियन लाल झाला. मी पार्किनकडे बघत बसले.

"मग असं करू," क्लाइव्ह म्हणाला. "ऑगस्टला ये. वॉल्टरच्या कोपऱ्यात तुझी तू लावून दाखव. कुणाचा हात लागता कामा नये. लावलीस, तर तुझी, पुन्हा मी नाव काढणार नाही. नाही जमलं, तर तिथूनच माझ्या गाडीला जोडून घेऊन जाईन. काय पोरी?"

बहात्तर वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारा माणूस. नोरीनने पार्किनचे हात पुसले आणि एक पुढे केला. "ठरलं. ॲड्रियन, तू साक्षीदार."

ते गेल्यावर मी तिच्यावर चांगलीच तापले. म्हटलं, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अगं, तू गाडी उलटी कधी घेतलीस तरी आहेस का?"

"नाही," ती म्हणाली. "पण गाडीने लावायची, असं कोण म्हणालं?"

आठवड्याने एक माणूस व्हॅन घेऊन आला आणि कॅरव्हॅनखाली उताणा झोपला. संध्याकाळी तो गेला तेव्हा दोन्ही चाकांशी एकेक छोटी मोटर आणि एकेक रोलर बसला होता. त्यासाठी नोरीनने वॉल्टरचं बिलियर्डचं टेबल विकलं होतं. त्या टेबलावर गेली काही वर्षं इस्त्रीचे कपडेच पडायचे. या यंत्राला मूव्हर म्हणतात. बटण दाबलं की रोलर चाकांना जाऊन चिकटतात, आणि मग रिमोटवर बोट ठेवलं, की कॅरव्हॅन गाडीशिवाय, एकटीच, चालायला लागते. पुढे, मागे, आडवी. एक चाक पुढे आणि एक मागे फिरवलं, तर जागच्या जागी गिरकीसुद्धा घेते.

वॉल्टर मूव्हरचं नावही काढू द्यायचा नाही. "रिमोटने गाडी खेळायला मी काय दहा वर्षांचा आहे?" मंडळात बहुतेक पुरुषांचं हेच मत. मूव्हर बसवणं म्हणजे आपल्याला उलटी घेता येत नाही, अशी पाटी गळ्यात लटकवणं.

पहिल्याच दिवशी तिने माझी कुंडीतली हायड्रेंजिया मारली.

झालं असं, की कॅरव्हॅनचा हातब्रेक सोडायच्या आधी रोलर चाकाला लावायचे असतात. नोरीनने आधी ब्रेक सोडला. आमची दोन्ही अंगणं रस्त्याकडे उतरतात. ते पांढरं घर शांतपणे, कुणालाही न विचारता निघालं, रस्त्याकडेच्या माझ्या कुंडीवरून गेलं आणि कचऱ्याच्या डब्याला टेकून थांबलं. डबा नसता तर ते समोरच्या घराच्या बैठकीत शिरलं असतं.

"नोरीन!" मी किंचाळले.

"ओरडू नकोस, लक्षात आलं. आधी रोलर, मग ब्रेक."

"आणि माझं झाड?"

"तुझं झाड तुमच्या बाजूला जरा झुकलेलंच होतं बघ," ती म्हणाली आणि इतकी हसली, की तिला पायरीवर बसावं लागलं. हसता हसता रडायलाही लागली. मी तिच्याशेजारी बसले. वॉल्टर गेल्यापासून ती रडलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यानंतर रोज सकाळी सराव. मी भिंतीच्या पहाऱ्यावर, ती रिमोट घेऊन कॅरव्हॅनच्या बाजूने चालतेय. आणि चार-पाच दिवसांतच मला एक गोष्ट दिसली, ती तिला स्वतःला अजून दिसली नव्हती. मूव्हर चालवायला आत बसत नाहीत. बाहेर उभं राहून चालवतात. कुंपण किती लांब, मागचा कोपरा कुठे घासेल, चाक कधी वळवलं म्हणजे शेपूट कधी वळेल, हे सगळं बाहेरून बघायचं असतं. आणि बाहेरून बघण्याचंच काम या बाईने आयुष्यभर केलं होतं. पावसात, चिखलात, शिव्या खात. तेव्हाही तिला बरोबरच दिसत होतं. फक्त तिच्या हातात काही नव्हतं.

मी तिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे कुंपणाची चूक नव्हती तर."

"आणि माझ्या भिंतीचीही."

"आणि माझीही नव्हती," ती म्हणाली, आणि कॅरव्हॅन अंगणाच्या तोंडातून अशी आत नेली, की दोन्हीकडे हाताचा पंजा मावेल एवढीच जागा राहिली. विटेला धक्का नाही. माझा नवरा खिडकीतून टाळ्या वाजवत होता. मला तर ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेही. समोरच्या बाईने पडदा सरकवला.

ऑगस्टला निघालो. गाडीत आम्ही दोघीच. माझ्या मांडीवर चिवड्याचा डबा, तिच्या खिशात रिमोट. अंगणातून कॅरव्हॅन मूव्हरनेच रस्त्यावर आणली, गाडीला जोडली, तार लावली, दिवे तपासले. वाटेत ती क्लाइव्हचं नावही काढत नव्हती. चिवड्यातले शेंगदाणे मात्र सगळे तिनेच संपवले.

फाटकाच्या अलीकडे, जिथे दोघं जागा बदलायची, तिथे तिने गाडी क्षणभर थांबवली. बाजूच्या सीटवर मी होते. तिने माझ्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं, आणि गिअर टाकला. नोरीन बॅरक्लफ आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसून थॉर्नबेकच्या फाटकातून आत शिरली.

पाऊस नुकताच थांबला होता. खुर्च्या लागलेल्या होत्या. नेहमीपेक्षा जास्तच, कारण पैज सगळ्यांना ठाऊक होती. ॲड्रियन कुंपणाशी उभा, हात खिशात. क्लाइव्ह पुढच्या रांगेत. त्याची गाडी बाजूलाच तयार ठेवलेली, मागचा हुक चकचकीत पुसलेला.

नोरीन कोपऱ्यासमोर गाडी घेऊन गेली, उतरली, आणि कॅरव्हॅन गाडीपासून सोडवली. पुढचं छोटं चाक खाली घेतलं. मग खिशातून रिमोट काढला.

"अरे वा," क्लाइव्ह सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नातवाचं खेळणं आणलंय!"

दोघं-तिघं हसले. म्हणजे खरोखर, आवाज काढून हसले. थॉर्नबेकला हे होत नाही.

"कुणाचा हात लागायचा नाही असं तूच म्हणालास, क्लाइव्ह," ती म्हणाली. "माझा तरी कशाला लावू?" आता हसणारे वाढले, पण हसण्याची दिशा बदलली होती.

तिने बटण दाबलं. रोलर चाकांना लागायला हवे होते. लागले नाहीत. रिमोटवर लाल दिवा लुकलुकला. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

सगळ्यांनी चहाचा घोट घेतला. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

"बॅटरी उतरली असेल," ॲड्रियन पडलेल्या आवाजात म्हणाला. नोरीनने कॅरव्हॅनच्या बाजूचं छोटं झाकण उघडून बघितलं. बॅटरी भरलेली होती. तिने रिमोटची बॅटरी काढून पुन्हा घातली. लाल. हातब्रेक बघितला, ओढलेला होता, जसा असायला हवा तसाच. पुन्हा बटण. लाल. घरी महिनोन्महिने एकदाही असं झालं नव्हतं. मी तिच्याकडे धावत निघाले होते, तर तिने हात वर केला. शाळेसमोर करायची तसा. मी जागच्या जागी थांबले.

क्लाइव्ह उठला. त्याला वाईट वाटत होतं असं मला वाटतं, पण उठला. "राहू दे पोरी. प्रयत्न केलास, तेच खूप झालं. गाडीची किल्ली दे, तुझी गाडी बाजूला घेतो, म्हणजे माझी मागे लावता येईल."

तो चालत यायला लागला. ॲड्रियनने मान खाली घातली. नोरीन कॅरव्हॅनच्या मागच्या कोपऱ्याशी गेली, तिथे, जिथे ती नेहमी उभी राहायची, आणि खाली वाकून पायांची दांडी उचलली. आता कॅरव्हॅनचे पाय खाली करून काय उपयोग होता? मला वाटतं तिचं तिलाही कळत नव्हतं. काहीच सुचेना, म्हणून हातांनी आपलं नेहमीचं काम सुरू केलं. आणि दांडी हातात आली, तसा तिच्या तोंडून नेहमीचा प्रश्नही बाहेर पडला. मोठ्याने, चिडक्या आवाजात, अगदी दरवर्षीसारखा.

"वॉल्टर, तार काढलीस का?"

कपसुद्धा वाजला नाही. उत्तर येण्याच्या जागी सगळे थांबले होते, आणि उत्तर देणारा नव्हता.

नोरीन तशीच उभी होती. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. दांडी टाकून ती कॅरव्हॅनच्या पुढच्या टोकाला गेली आणि वाकली. तार गाडीत तशीच होती.

तार काढणं वॉल्टरचं काम होतं. इतक्या वर्षांत तिने ती एकदाही काढली नव्हती. घरी सराव केला तेव्हा पुढे गाडीच नसायची, त्यामुळे तार काढायचा प्रश्नच आला नव्हता. आणि मूव्हरचा नियम असा, की तार गाडीला लागलेली असली तर यंत्र हलायचं नाव घेत नाही. का, ते वॉल्टरला विचारा. निम्मी वायर त्यानेच तर उपटून दाखवली होती.

तिने तार उपटली. सरळ उभी राहिली. तार डोक्यावर उंच धरली आणि वॉल्टरच्या आवाजात, वॉल्टरच्या त्याच वैतागलेल्या सुरात, सगळ्या शेताला ऐकू जाईल असं ओरडली,

"काढली गं बाई, काढली!"

शेत उसळलं. खुर्च्या उलटल्या, कुणाचा तरी चहा कुत्र्याच्या अंगावर सांडला, कुणी डोळे पुसत होतं, कुणी हसत होतं, बरेच जण दोन्ही करत होते. ॲड्रियन तोंडावर हात दाबून उभा होता. क्लाइव्ह अर्ध्या वाटेत थांबला होता. हात किल्लीसाठी पुढे केलेला, तसाच राहिला.

"क्लाइव्ह," नोरीन म्हणाली, "मधे उभा राहू नकोस ना!"

तो बाजूला झाला. काय करणार?

मग तिने गाडी पुढे काढून दूर लावली, परत आली, बटण दाबलं. हिरवा दिवा. आधी रोलर, मग ब्रेक. मी मनातल्या मनात म्हटलं आणि माझ्या हायड्रेंजियाला वाहिलं. कॅरव्हॅन हलली. आधी सरळ मागे, ओल्या गवतावर सावकाश, हलकी गुणगुण करत. नोरीन बाजूने चालत होती, मान तिरकी, डोळे मागच्या कोपऱ्यावर. वळणाशी आली तेव्हा क्लाइव्हने श्वास रोखला. इथे वॉल्टर दरवर्षी कुंपणात जायचा. इथे खुद्द क्लाइव्हलाही गाडी तीनदा मागेपुढे करावी लागली असती, आणि सँडविच खाली ठेवावं लागलं असतं.

नोरीनने दोन्ही अंगठे दोन बाजूंना दाबले. एक चाक पुढे, एक मागे. ते एवढं मोठं घर जागच्या जागी फिरलं. काटकोनात, शांतपणे, कुणी तव्यावरची भाकरी फिरवावी इतक्या सहज. नळाचा खांब एका बाजूने गेला, कुंपणाचं एक पान दुसऱ्या बाजूला हललंसुद्धा नाही. मग सरळ मागे, आत, आणखी आत. थांब. ब्रेक.

खिडकी समुद्राकडे. अगदी मधोमध.

टाळ्या कुठे सुरू झाल्या, मला माहीत नाही. बहुधा माझ्याचपासून. बायका उभ्या होत्या, एकूण एक बायका. दरवर्षी मागे चिखलात उभ्या राहून शिव्या खाणाऱ्या. त्या नुसत्या टाळ्या वाजवत नव्हत्या, आरडाओरडा करत होत्या. एकीने तर आपल्या नवऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणाली, "बघितलंस? बघितलंस ना?" त्याने काहीच केलेलं नव्हतं बिचाऱ्याने. निदान त्या दिवशी तरी.

ॲड्रियन कुंपण ओलांडून आला. "आई, मी..."

"दांडी पडलीये तिकडे," ती म्हणाली. "पाय खाली कर. मग पाणी आण. आजपासून माझं काम तुझं."

तो निमूटपणे दांडी उचलायला गेला. जाताना हसत होता, आणि मला त्या क्षणी तो थेट वॉल्टरसारखा दिसला.

क्लाइव्ह मात्र काही वेळ कुठेच दिसला नाही. मला वाटलं, गेला तोंड लपवून. पण तो आला. हातात वाफाळत्या चहाचा मग होता, दोन चमचे साखर, ती पिते तसा. तिच्यापुढे धरला. सगळ्यांसमोर.

"वॉल्टरने बघायला हवं होतं," तो म्हणाला.

"वॉल्टर असता तर म्हणाला असता, खेळणं आहे."

"हो. मीही म्हणालोच की." मग थोडा घुटमळला, आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "तो बसवणारा माणूस... बायको विचारत होती. माझी मान हल्ली वळत नाही गं नीट."

नोरीनने हसू मगामागे लपवलं. "सांगते त्याचं नाव. पण पहिल्या दिवशी सराव तुझ्या शेजाऱ्याच्या झाडापासून लांब कर."

मी तिच्या कॅरव्हॅनमधून दोन खुर्च्या आणल्या. इतक्या वर्षांत पहिल्या दिवशी तिची खुर्ची बाहेर कधी निघालेलीच नव्हती. वॉल्टरची गाडी लागेपर्यंत, पाय फिरवेपर्यंत, पाणी आणेपर्यंत सगळा कार्यक्रम संपलेला असायचा. आज आम्ही पुढच्या रांगेत बसलो. तिने ओले बूट काढले, पाय लांब केले, चिवड्याचा डबा मांडीवर घेतला. उरलेल्या पोह्यांत शेंगदाणे शोधत होती.

फाटकातून एक गाडी आत आली. मागे कॅरव्हॅन, स्टिअरिंगवर नवरा, आणि मागे चिखलात रेनकोट घालून चालणारी, हात हलवणारी बायको. ये, ये, डावीकडे, अरे माझ्या डावीकडे!

नोरीन खुर्चीत सावरून बसली. "थांब वसुधा, काही बोलू नकोस," ती म्हणाली. "आज मला बघू दे."

आणि तिने चहाचा घोट घेतला.